पहिल्या मंडळीसारखे

आमच्या नगरकडच्या कुठल्याही चर्चमध्ये कुठल्याही रविवारी जाऊन बसा. पाळकसाहेब नवे असोत की जुने, संदेश उत्पत्तीवर असो की प्रकटीकरणावर, एक वाक्य ठरलेले असते: आपली मंडळी पहिल्या मंडळीसारखी झाली पाहिजे. पहिली मंडळी म्हणजे यरुशलेमेतली, प्रेषितांची कृत्ये, अध्याय दुसरा. सगळे एकचित्त, घरोघरी भाकर मोडणे चाललेले, जो तो आपले विकून दुसऱ्याची नड भागवतोय. हे ऐकले की बाकाबाकांतून सुस्कारे निघतात. पुढच्या बाकावरचे हेडमास्तर काका सावकाश मान हलवतात. आपण केवढे घसरलो आहोत, या विचाराने सगळ्यांनाच बरे वाटते. कारण घसरलेले नेमके कोण, हे प्रत्येकाच्या मनात पक्के असते आणि ती व्यक्ती दोन बाक सोडून बसलेली असते.

माझे म्हणणे एवढेच की पाळकसाहेब दुसऱ्या अध्यायावर थांबतात आणि पुस्तकाला अठ्ठावीस अध्याय आहेत. पाचव्यात हनन्या आणि सप्पीरा हे नवरा-बायको जमिनीच्या पैशात लपवाछपवी करतात. सहाव्यात जेवणाच्या वाढपावरून कुरकुर होते. पंधराव्यात पौल आणि बर्णबा यांचे असे काही वाजते की एक एका वाटेने जातो, दुसरा दुसऱ्या. विसाव्यात संदेश चालू असताना एक तरुण झोपेत खिडकीतून खाली पडतो. एवढे वाचून झाले की माणसाची खात्री पटते. आमची मंडळी पहिल्या मंडळीसारखी व्हायची राहिलेली नाही. ती केव्हाच झालेली आहे.

त्या झोपेचेच बघा. तरुणाचे नाव युतुख. गाव त्रोवस, घर तीन मजली, पौलाला दुसऱ्या दिवशी निघायचे होते म्हणून तो मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. लूक हा बारकाईने लिहिणारा माणूस. त्या माडीवर पुष्कळ दिवे होते, हेही तो नोंदवून ठेवतो. म्हणजे हवा कोंदट होती, असे युतुखाच्या बाजूने म्हणता येते. तो तिसऱ्या मजल्यावरून पडला, लोकांनी उचलला तर मेलेला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळले, जीव आहे म्हणून सांगितले. यानंतर कोणीही समजूतदार वक्ता आवरते घेईल. पौल परत वर गेला, भाकर मोडली, खाल्ली आणि पहाटेपर्यंत बोलला.

आमच्या चर्चला माडी नाही. झोपणाऱ्याची सोय आमच्याकडे जास्त चांगली आहे. भिंतींच्या कडेला पंखे आहेत आणि कोणत्या पंख्याखाली कोण, हे तीन पिढ्यांपासून ठरलेले आहे. झोपण्याची रीतही घराण्यागणिक वेगळी. काहीजण शास्त्र मांडीवर उघडून, बोट वचनावर ठेवून झोपतात. ते चिंतन दिसते. काहीजण डोळे मिटून चेहरा किंचित वर करतात. ती प्रार्थना दिसते. निवृत्त झालेल्या एक सिस्टर मावशी आहेत, सिव्हिलमध्ये आयुष्यभर रात्रपाळ्या केलेल्या. त्या ताठ बसून, डोळे अर्धे उघडे ठेवून झोपतात आणि संदेशातला कुठलाही मुद्दा विचारला तर सांगतात. पंचाईत होते ती आमेन म्हणणाऱ्यांची. झोपेतून दचकून जागे झालेल्या माणसाला आपण जागे होतो हे दाखवण्याची घाई असते. त्यामुळे पाळकसाहेब सैतानाच्या कारवायांबद्दल सांगत असताना मागून खणखणीत आमेन येतो.

अर्थात दोष एकतर्फी नाही. आमच्याकडे संदेशाला मुद्दे तीन असतात आणि शेवटचे मुद्देही तीन असतात. "शेवटचा मुद्दा सांगतो आणि थांबतो" असे पाळकसाहेब म्हणाले की जुने लोक हलत नाहीत. "थोडक्यात सांगायचे तर" हे दुसरे स्टेशन. "प्रियांनो, वेळ थोडा आहे" असे आले की मात्र बायका पायांनी चपला चाचपू लागतात.

खरी परीक्षा उत्तम शुक्रवारी. बारा ते तीन, क्रुसावरची सात वाक्ये, सात वक्ते. प्रत्येकाला वीस मिनिटे, मध्ये गीत आणि प्रार्थना. हिशेब कागदावर चोख असतो. पहिल्या वाक्यावर बोलणारे पाहुणे लांबून आलेले असतात, म्हणून त्यांना कोणी थांबवत नाही. ते पन्नास मिनिटे घेतात. त्यांनी बोलता बोलता दुसरे आणि चौथे वाक्यही उरकून टाकलेले असते, त्यामुळे दुसरे आणि चौथे वक्ते आपापले कागद बघत चिंतेत पडतात. नगरचा एप्रिल, पत्र्याचे छप्पर, पंखे गरम वारा ढकलताहेत. पाचवे वाक्य तहानेचे आहे. त्या वाक्याला वक्ता कोणीही असो, मंडळीच्या काळजाला ते भिडते; मुले एकेक करून व्हरांड्यातल्या माठाकडे जातात आणि त्यांच्यामागून त्यांना आणायला मोठी माणसे. सहावे वाक्य काम पुरे झाल्याचे. लहान मुलांना दरवर्षी वाटते, झाले. सातवे अजून बाकी असते आणि सातव्या वक्त्याला दिलेली असतात चार मिनिटे. इतक्या वर्षांत मनाला लागलेले संदेश मी आठवू लागलो तर ते सगळे त्या चार मिनिटांतले निघतात. हे निरीक्षण मी पाळकसाहेबांच्या कानावर घातलेले नाही.

बसण्याच्या जागांबद्दल आमची मंडळी तर शास्त्राच्या पुढे गेली आहे. लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू सांगतो की मेजवानीला बोलावले तर मानाच्या जागी बसू नका, खालच्या जागी बसा. प्रभूच्या शिकवणीतल्या कितीतरी गोष्टी आम्हाला जड जातात, ही एक मात्र आम्ही काटेकोर पाळतो. येणारा प्रत्येक जण खालच्या जागेवर, म्हणजे शेवटच्या बाकावर, हक्क सांगतो. पुढचे चार बाक मोकळे, मागे दाटी. सूचना देणारे सेक्रेटरी दर रविवारी विनवतात, "कृपया पुढे येऊन बसावे, पुढे भरपूर जागा आहे." कोणी हलत नाही. पुढे जाणे हा अहंकार आहे. शिवाय मागे दार आहे, दाराबाहेर स्कूटर आहे.

मागच्या बाकावर बसण्यात ज्ञानाचाही भाग असतो. कोण कोणाशेजारी बसले, कोणी जागा बदलली, कोणाची सून आज आली नाही, हे पुढून दिसत नाही. एखादे कुटुंब डावीकडून उजवीकडे गेले की मंडळीत काही शिजते आहे हे कळते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट यांना एका छपराखाली आणणे ही लहान गोष्ट नव्हे. पण ज्यांनी तो चमत्कार घडवून आणला, त्यांनाही आमच्याकडच्या दोन चुलतभावांना एका बाकावर बसवता आले नसते. पेरूच्या बागेच्या बांधावरून त्यांचे बोलणे बंद आहे. प्रभुभोजनाच्या दिवशी ते वेदीच्या दोन टोकांना गुडघे टेकतात.

आता जेवण. इथे जरा थांबायला हवे, कारण मंडळीही इथेच जास्त थांबते.

यरुशलेमेत शिष्यांची संख्या वाढू लागली तेव्हा पहिली तक्रार आली ती अशी: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते आणि इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना नीट मिळते. बारा प्रेषितांनी सभा घेतली. वचनाची सेवा सोडून आम्ही पंक्तीला वाढत बसणे बरे नाही, असे सांगून चांगल्या नावाची सात माणसे निवडायला लावली. स्तेफन त्यातलाच. म्हणजे ख्रिस्ती मंडळीत पहिली कमिटी नेमली गेली ती वाढपाच्या भांडणातून. तत्त्वज्ञानाचे वाद, धर्मसभा, मतांगीकार, हे सगळे मागाहून आले.

आमच्या प्रीतिभोजनाला मटणाचा रस्सा असतो, बाजरीच्या भाकरी, भात, आणि कोणी नवस फेडल्यासारखी आणून दिलेली बुंदी. चर्चच्या आवारात लिंबाखाली तीन दगडांची चूल लागते. शनिवारी रात्रीपासून चार-पाच जण तिथे जागतात; एरवी प्रार्थनेसाठी रात्र जागवायला जे येत नाहीत तेच हे. मसाल्याचा वास उपासनेच्या वेळी खिडकीतून आत येतो आणि त्या रविवारी संदेश आखूड होतो. पाळकसाहेबही माणूसच आहेत.

पंगत बसली की सगळी सत्ता ओगराळे ज्याच्या हाती त्याच्याकडे जाते. बिशपला जे अधिकार नाहीत ते त्याला असतात. ओगराळे वरवर फिरवले की लाल तर्री आणि दोन बटाटे येतात. तळापर्यंत बुडवून मनगटाला हलका हिसका दिला की नळी येते. हा हिसका कोणासमोर दिला जातो, ते पंगतीतले प्रत्येक माणूस मान खाली घालून बघत असते. वाढणारा तरुण संघाचा पोरगा. त्याच्या मामाच्या ताटात नळी, आत्याच्या ताटात दोन नळ्या, आणि हेडमास्तर काकांच्या ताटात बटाटा. काकांनी त्याला दहावीच्या वर्गात बाकावर उभे केले होते. काका काही बोलले नाहीत. घरी जाऊन प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा, काढून बसले आणि पुढच्या रविवारी पास्टरेट कमिटीपुढे लेखी अर्ज आला. यावर वाढप उपसमिती नेमली गेली. यरुशलेमेत सात जण पुरले होते. आमच्या उपसमितीत अकरा आहेत, शिवाय दोन खास निमंत्रित.

करिंथकरांचे तर याहून वाईट होते. पौलाने त्यांना पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात चांगलेच झापले आहे: तुम्ही एकत्र जेवायला जमता, पण जो तो आपलेच आधी उरकतो, एक उपाशी राहतो आणि एक झिंगलेला असतो. जेवताना एकमेकांची वाट पाहा, आणि एवढी भूक असेल तर घरून खाऊन या, असा त्याचा सल्ला. आमच्याकडे झिंगण्याचा प्रश्न नाही, निदान आवारात नाही. पण पहिल्या पंगतीसाठी आशीर्वचन चालू असतानाच निम्मी मंडळी बाहेर सरकलेली असते, आणि पाळकसाहेब हात वर करून ज्यांना आशीर्वाद देत असतात ते प्रामुख्याने मोकळे बाक असतात.

सभा आणि समित्यांचे आमचे वेड आजचे नाही. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईला आले आणि १८३१ मध्ये नगरला त्याचे ठाणे झाले. ही मंडळी बहुतेक काँग्रिगेशनल वळणाची. म्हणजे कारभार वरून कोणी चालवायचा नाही, मंडळीनेच बसून, बोलून, मते घेऊन चालवायचा. त्या मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केला, दुष्काळात माणसे जगवली. त्यांचे आमच्यावर फार उपकार आहेत. पण मराठी माणसाला सभेत बोलण्याचा धर्मसिद्ध हक्क देऊन टाकला तर पुढे काय होईल, याचा त्यांना बॉस्टनमध्ये बसून अंदाज येणे कठीण होते. आमच्या वार्षिक सभेत घंटेच्या दोरीचा खर्च मंजूर व्हायला दीड तास लागतो आणि नवीन इमारतीचा ठराव तीन मिनिटांत पास होतो, कारण तोवर सगळे दमलेले असतात.

महिला मंडळाबद्दल लिहिताना मी हात राखून लिहिणार आहे. घरात मलाही जेवायचे आहे. फक्त फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, एवढे दाखवतो. युवदीया आणि सुंतुखे अशा दोन बाया. दोघींनी पौलाबरोबर सुवार्तेच्या कामात कंबर कसलेली. तो स्वतःच तसे म्हणतो. दोघींचे बिनसले. पौलाने तुरुंगातून पत्र लिहिताना दोघींना वेगवेगळी विनंती केली की एकमताने राहा, आणि मध्यस्थालाही सांगितले की या दोघींना मदत कर. भांडण कशावरून झाले ते त्याने लिहिलेले नाही. दोन हजार वर्षे पंडित त्यावर तर्क लढवत आहेत. आमच्या महिला मंडळात विचारले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. नाताळच्या आनंदमेळ्यात एकीने पाणीपुरीचा स्टॉल लावायचा ठरले होते आणि दुसरीनेही तोच लावला.

लूकच्या दहाव्या अध्यायातली मार्था-मरीयेची गोष्टही या मंडळात दरवर्षी संदेशाला घेतात. मरीया प्रभूच्या पायाशी ऐकत बसली, मार्था कामात गुंतली, आणि प्रभूने मरीयेची बाजू घेतली. संदेश देणाऱ्या पाहुण्या बाई सांगतात, आपण मरीया व्हायला हवे. सगळ्या बाया माना डोलावतात. मग अध्यक्षीणबाई विचारतात, "चहा कोण ठेवतंय?" तेव्हा ज्या उठतात त्यांच्या चेहऱ्यावर शास्त्राविषयीचे एक स्वतंत्र मत स्पष्ट वाचता येते.

आठवड्यात बुधवारी घरसभा. प्रत्येक बुधवारी वेगळे घर, सतरंज्या, भिंतीवर शेवटच्या भोजनाचे चित्र, त्याखाली टीव्ही आणि टीव्हीवर विणलेला रुमाल. वचन एकेकाने एकेक ओळ वाचायचे. ही पद्धत निघाली भक्तिभावासाठी, पण तिने आमच्या मुलांचे गणित सुधारले. आपल्या आधी किती जण बसलेत ते मोजून आपल्या वाट्याला कोणते वचन येणार, हे पोरे आधीच काढून ठेवतात. योहानाच्या अकराव्या अध्यायातले पस्तिसावे वचन दोन शब्दांचे आहे. ते आपल्याकडे यावे म्हणून जागांची अदलाबदल चालते. मत्तयाचा पहिला अध्याय निघाला तर घरात शांतता पसरते. तिथे अब्राहामापासून वंशावळ आहे, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे. यहोशाफाट कसाबसा पार पडतो. जरुब्बाबेल आला की वाचणारा शेजाऱ्याकडे पाहतो, शेजारी चष्मा पुसू लागतो.

वाचन झाले की प्रार्थना, आणि प्रार्थनेतच आमच्या गावातल्या बातम्या कळतात. चहाडी करणे पाप आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. परंतु देवाला सांगणे ही चहाडी नव्हे. "हे स्वर्गीय पित्या, तुला ठाऊकच आहे," अशी सुरुवात होते आणि पित्याला ठाऊक असलेले सगळे मग आम्हालाही ठाऊक होते. "त्या एका कुटुंबासाठी विनंती करतो, प्रभू, त्यांचे नाव मी घेत नाही, पाण्याच्या टाकीमागच्या त्या पिवळ्या घरातल्या थोरल्या मुलाला सुबुद्धी दे, त्याने नोकरी सोडलीय आणि घरी अजून सांगितलेले नाही." घरातला प्रत्येक जण डोळे मिटून पिवळे घर बघतो. शेवटी मोठा आमेन होतो. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी तीन घरांतून बोलावणे येते, त्यांतल्या एका घरात कोणाच्या तरी कंपनीत जागा निघते आणि महिन्याभरात तो कामाला लागतो. असे मी एकदा नाही, पुष्कळदा पाहिले आहे. प्रार्थना कशी फळते हा मोठा विषय आहे. मी फक्त पत्ता नीट सांगितला होता याकडे लक्ष वेधतो.

गाण्यांवर बोलायचे तर दुसरा लेख लागेल. 'उपासना संगीत' हातात घेतले की त्यात विलायती चालींवर बसवलेली जुनी गीते आहेत आणि नारायण वामन टिळक, कृष्णराव सांगळे यांची आपल्या मातीतली पदेही. टिळकांचे पद निघाले की पेटी आणि तबला खुलतो, म्हाताऱ्या बायका सुरात येतात. विलायती चालीचे गीत निघाले की मंडळी दोन गटांत फुटते: कॉयर एका ओळीने पुढे, बाक एका ओळीने मागे. शेवटचे कडवे कॉयर संपवून बसते तेव्हा मागचे काका डोळे मिटून मन लावून आधीची ओळ गात असतात आणि त्यांना थांबवायची कोणाची छाती होत नाही. तरुण संघाने गिटार आणि ड्रम आणले तेव्हा वर्षभर वाद झाला. वडीलधाऱ्यांनी स्तोत्र दीडशे काढले, तर त्यात झांजा, डफ, तंतुवाद्ये सगळेच निघाले. मुलांनी तेच वचन फलकावर लिहून ड्रमच्या मागे लावले.

साऱ्या उपासनेत मंडळी पूर्ण जागी असते ती एकाच वेळी, सूचनांच्या वेळी. पंख्याखालचे डोळे उघडतात, सिस्टर मावशीसुद्धा पापण्या पुऱ्या उचलतात. या आठवड्यात कोणाचा वाढदिवस, कोण दवाखान्यात, घरसभा कोणाकडे, कोणाच्या बाळाचा बाप्तिस्मा. लग्नाची सूचना तीन रविवार वाचतात आणि शेवटी विचारतात, कोणाची काही हरकत आहे का. त्या क्षणी एवढी शांतता होते की वर कबुतराने पंख फडफडवले तरी नवरीकडची माणसे दचकतात. त्यानंतर राहिलेल्या वस्तू: एक छत्री, एक डबा, मुलाचा एका पायाचा बूट.

सूचना लांबल्या की कोणीतरी कुरकुरतेच, देवाच्या घरात हे काय डबे आणि छत्र्या. त्यांनी रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय बघावा. अख्ख्या नव्या करारात सगळ्यात खोल विचारांचे हे पत्र, आणि त्याचा शेवट म्हणजे वीसहून अधिक माणसांना नावानिशी सलाम. अमकी फार राबली, तमक्याच्या आईने मलाही आईसारखे केले, आपल्या शहराचा खजिनदार तुम्हाला सलाम सांगतो. पत्र उतरून घेणारा लेखनिकही मध्येच आपला सलाम घुसवतो. खजिनदाराचा हुद्दा सांगायला तेव्हाही विसरत नसत, हे आमच्या कमिटीने ध्यानात घ्यावे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मरण समोर दिसत असताना पौल शर्यत संपवल्याचे बोलतो, आणि पाच-सहा ओळींत सांगतो की त्रोवसात माझा झगा राहिला आहे तो येताना घेऊन ये, आणि पुस्तकेही. हे तेच त्रोवस, युतुख पडला ते. झगा कोणत्या खेपेला राहिला ते लिहिलेले नाही. पण ज्या गावात रात्रभर संदेश चालतो आणि मध्येच माणसे खिडकीतून पडतात, तिथे एखादा झगा राहणारच.

हार्वेस्टच्या लिलावाचे राहिले. सुगीला लोक आपल्या कष्टाचे पहिले फळ आणतात: ज्वारीचे ओझे, ऊस, गावरान कोंबडी, अंडी, केक, लोणच्याची बरणी, दुधी भोपळा. उपासनेनंतर व्हरांड्यात लिलाव. बोलणारे आमचे खजिनदार. एरवी हिशेब विचारला तर ज्यांचा आवाज बसतो तेच. "शंभर एक! शंभर एक! अहो, गेल्या वर्षी वरच्या आळीने भोपळ्याला हजार दिले. खालच्या आळीला काय झालं?" खालची आळी तापते. पाचशे, सातशे, हजार एक. घेणारा पैसे मोजतो आणि भोपळा परत प्रभूलाच देऊन टाकतो, की पुन्हा शंभर एकपासून सुरू. एकच भोपळा चार वेळा विकला जातो. कोंबडीचे असे करता येत नाही. ती दुसऱ्या बोलीच्या वेळी सुटते आणि तरुण संघाला त्या दिवशीचे काम मिळते.

हे स्पर्धेने पैसे काढणे अध्यात्मात बसते का, असे एका पाहुण्या पाळकांनी विचारले. हेडमास्तर काका उठले आणि त्यांनी करिंथकरांस दुसरे पत्र, आठवा आणि नववा अध्याय पुढे ठेवला. गरीब संतांसाठी वर्गणी गोळा करताना पौल करिंथकरांना सांगतो की मासेदोनियाची माणसे गरिबीतही किती भरभरून देतात बघा. आणि मासेदोनियात त्याने काय सांगितलेले असते? की अखयाची माणसे वर्षापूर्वीच तयार आहेत बघा. शिवाय करिंथकरांना बजावतो की मासेदोनियाचे लोक माझ्याबरोबर आले आणि तुमची तयारी दिसली नाही तर माझी लाज जाईल, तुमची तर जाईलच. खजिनदार हे ऐकून एवढे खूश झाले की त्यांनी काकांच्या हातात दुधी भोपळा ठेवला. काकांना तो नऊशे एकला पडला.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे सगळे नवे वाटणार नाही. त्या बाईंनी आपल्या नवऱ्यापासून मिशनच्या साहेबांपर्यंत सगळ्यांकडे ज्या मिस्कील डोळ्यांनी पाहिले, ते डोळे नगरच्या मंडळीत अजून शिल्लक आहेत. फक्त उपासनेच्या वेळी ते मिटलेले असतात.

नव्या करारात सत्तावीस पुस्तके आहेत, त्यांतली एकवीस पत्रे. ही पत्रे का लिहिली गेली? कुठे जेवणावरून भांडण, कुठे दोन बायांचे बिनसलेले, कुठे एक गट पौलाचा तर दुसरा अपुल्लोसाचा, कुठे वर्गणी थकलेली. करिंथकर शहाण्यासारखे वागले असते तर पौलाला त्यांना लिहायचे कारण पडले नसते, आणि प्रीतीवरचा तो तेरावा अध्याय, जो आम्ही प्रत्येक लग्नात वाचतो, तो कोणी लिहिला नसता. पहिल्या मंडळ्या धड वागल्या असत्या तर आमच्या शास्त्राचा बराच भाग कोराच राहिला असता. तेव्हा पाळकसाहेबांना नम्र विनंती की येत्या रविवारी त्या ठरलेल्या वाक्याऐवजी दुसरे काहीतरी शोधावे. वीस मिनिटांत संपणारे सापडले तर मंडळी आभारी राहील.

दुसरी विनंती वाचकांना, आणि ती कमिटीच्या वतीने. मागच्या प्रीतिभोजनात चर्चचे पितळी ओगराळे ज्यांच्या घरी गेले आहे, त्यांनी ते रविवारी उपासनेच्या आधी स्वयंपाकाच्या खोलीत आणून ठेवावे. नाव वाचले जाणार नाही. मात्र बुधवारच्या घरसभेपर्यंत आले नाही, तर त्यासाठी प्रार्थना केली जाईल.